एकट्याने राहायचं तर आधी खुर्चीतून हात न टेकता उठता यायला हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ७३, सोलापुरात स्वतःच्या घरात एकटेच राहतात. पत्नी दीड वर्षापूर्वी गेल्या, मुलगा पुण्यात. उमेदीची तीस वर्षं यंत्रमागावर गेली. रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे तासभर चालणं होतं, तरी खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. गेल्या महिन्यात रात्री लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या दारात तोल जाऊन पडले. हाड मोडलं नाही. मुलगा म्हणतो, आता पुण्याला या. काका विचारतात, "चालणं आणखी अर्धा तास वाढवलं तर जमेल का? मला माझ्याच घरात राहायचं आहे."

काका, ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांचा व्यायाम बसवणं आणि घर तपासणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नातली तगमग मला कळते. घर सोडायचं नाही ही तुमची इच्छा रास्त आहे. पण चालणं वाढवून ती पुरी होणार नाही. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला चांगलं आहे, ते सोडू नका. मात्र सपाट रस्त्यावर चालताना मांड्यांना फार जोर लावावा लागत नाही. खुर्चीतून उठताना अख्खं अंग वर उचलावं लागतं, आणि ठेच लागल्यावर सावरताना तोच जोर क्षणार्धात लागतो. तो जोर चालून येत नाही, आणि वयाबरोबर सगळ्यात आधी तोच ओसरतो. म्हणून रोज तासभर चालणारा माणूसही कमोडवरून उठताना नळाला धरतो.

तुमच्या बाबतीत मला तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात: मांड्यांचा जोर, रात्रीची लघवी आणि उभं राहिल्यावर खाली येणारा रक्तदाब. तिसरी तपासल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. तुम्हाला मधुमेह आहे का, गुडघे किती झिजलेत, मूत्रपिंडं कशी आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावरही पुढचं काही अवलंबून आहे, तिथे तिथे सांगतो.

आधी स्वतःला मोजा. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची नको, फरशीवर तिचे पाय फाकतात. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. शेजारच्या एखाद्या मुलाला घड्याळ बघायला आणि जवळ उभं राहायला सांगा. तुमच्या वयाच्या पुरुषाचं १२ पेक्षा कमी झालं तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. ७५ ते ७९ वयाला हा आकडा ११ आहे. हात टेकावा लागला तर गुण शून्य. तुमचा आज शून्य येईल, त्याने खचू नका. त्या शून्यावरच काम करायचं आहे, आणि सत्तरीतही स्नायू जोर धरतात.

काम असं करायचं. घरात सोलापुरी चादरी असणारच. दोन चादरींच्या घट्ट घड्या घालून खुर्चीवर ठेवा. उशी किंवा गादीचा तुकडा चालणार नाही, तो दबतो आणि उठायला उलट जड जातं. चादरींमुळे बैठक चार-पाच इंच वर येते आणि मांड्यांवरचा भार कमी होतो. आता कडेला सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे ओढा, खांद्याइतकी फाकवा. पुढे वाका, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या रेषेच्या पुढे जाईल. बहुतेकांचं इथेच चुकतं. पडू या भीतीने पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला बघतात, वजन मागेच राहतं आणि माणूस पुन्हा धपकन बसतो. आधी वजन पावलांवर येऊ द्या, मग उठा. उठताना श्वास सोडा, रोखून धरू नका. एक-दोन म्हणत उठायचं आणि एक-दोन-तीन-चार म्हणत सावकाश बसायचं. बसण्याचा हा संथपणाच स्नायू घडवतो.

एका वेळी ६ ते ८ उठबशा, मग दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. शेवटच्या दोन उठबशा जड वाटल्या पाहिजेत. तिसऱ्या फेऱ्यातही ८ सहज होऊ लागल्या की वरची चादर काढा. नंतर दुसरी काढा. मग नुसत्या खुर्चीवर, आणि तेही सोपं झालं की छातीशी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली धरून. सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवतो. दुसऱ्या आठवड्यात काहीच दिसत नाही म्हणून सोडणारे फार, तेवढं करू नका. मांड्या दुसऱ्या दिवशी दुखल्या तर हरकत नाही. गुडघ्यात कळ आली आणि ती दुसऱ्या दिवशीही राहिली, तर चादर परत ठेवा. छातीत दडपण, अंधारी किंवा वेगळीच धाप लागली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्याच दिवशी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या, १० ते १५ वेळा, दोन फेरे. तोल रोज सांभाळायला शिकायचा. ओट्याकडे तोंड करून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत उभं राहा, हात ओट्यापासून वीतभर वर. १० सेकंद न डगमगता जमलं की बाजू बदला. चहा उकळेपर्यंत हे होऊन जातं.

आता रात्र. तुम्ही पडलात ते न्हाणीघराच्या दारात, पण सुरुवात पलंगावर झाली असावी. झोपेतून उठून झटकन उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. म्हातारपणी रक्तवाहिन्या लगेच आवळत नाहीत, त्यात रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी. टॅमसुलोसिनच्या वर्गातल्या गोळ्या लघवीचा मार्ग सैल करतात, तशा रक्तवाहिन्याही थोड्या सैल करतात. तपासायला सोपं आहे. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. दवाखान्यात बहुधा बसवूनच मोजतात, म्हणून उभ्याचा आकडा तुम्हीच न्यायचा. गोळी किंवा तिची वेळ मनाने बदलू नका, बंद तर नकोच. सर्दीची गोळीही दुकानातून परस्पर घेऊ नका. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असं औषध असतं की प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते आणि गुंगीही येते.

आज रात्रीपासून एवढं करा. जाग आली की आधी पलंगाच्या कडेला एक मिनिट बसायचं. पाय लोंबकळत ठेवून पावलं वर-खाली वीस वेळा हलवायची, मुठी आवळायच्या, मग उठायचं. रात्रीची लघवी बसूनच करायची. उभ्याने लघवी करताना मूत्राशय रिकामं होता होता काहींचा रक्तदाब एकदम खाली येतो. पलंगाशेजारी लघवीचं प्लॅस्टिकचं भांडं ठेवलं तर आणखी चांगलं. त्यात कमीपणा कसला? चष्मा लावतो तसंच ते, सोय आहे ती वापरायची. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत छोटा रात्रदिवा हवा. रात्री दोनला अंधारात बटण चाचपणं हेच पडण्याचं निमित्त होतं.

लघवीसाठी उठणं कमी करता येतं, पण आधी हिशेब हवा. तीन दिवस मापाच्या भांड्यात मोजून वेळ आणि मिलिलिटर लिहून ठेवा. दिवसभराच्या एकूण लघवीचा एक तृतीयांश किंवा जास्त हिस्सा रात्री होत असेल, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नाही, पाणी दिवसा अंगात साठून रात्री उतरतंय. संध्याकाळी पावलांवर मोज्याचा वळ उमटतो का बघा. उमटत असेल तर दुपारी चारच्या सुमाराला तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडा, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जाईल. पायांची सूज नवी असेल तर डॉक्टरांना दाखवा. कधी ती हृदयाची किंवा मूत्रपिंडाची असते, कधी रक्तदाबाच्याच काही गोळ्यांची. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळी घ्यायची का, हेही विचारून घ्या. संध्याकाळी सहानंतर चहा नको. रात्रीच्या जेवणात लोणचं, पापड कमी. मीठ जास्त झालं की तहान लागते आणि रात्रीची लघवीही वाढते. लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका.

इथे एक मोठी चूक होते. रात्री उठायला नको म्हणून लोक दिवसभर पाणीच पीत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४२-४३ ला गेलेला असताना, हे धोक्याचं आहे. या वयात तहान उशिरा कळते. शरीर कोरडं पडलं की रक्तदाब आणखी उतरतो आणि चक्कर येते. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर प्यायचंच, फक्त त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. एक लिटरच्या दोन बाटल्या सकाळी भरून डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे अंदाजावर राहत नाही. मार्च ते जूनमध्ये तलावावरचा फेरा सूर्य वर यायच्या आत संपवा, आणि १२ ते ४ घरातच.

घरातल्या वस्तूंत पहिला नंबर न्हाणीघराच्या दाराचा. बहुतेक जुन्या घरांत ते आत उघडतं. माणूस आत दाराला लागून पडला की बाहेरच्याला दार ढकलता येत नाही, आणि आतून कडी असली तर तोडावंच लागतं. दार बाहेर उघडेल असं सुताराकडून फिरवून घ्या. ते होईपर्यंत आतली कडी लावू नका, एकटे राहता तर कुणापासून लावायची? आधाराची दांडी कमोडच्या बाजूच्या भिंतीत आणि न्हाणीच्या जागेत, अशा दोन हव्यात. दीड इंचाच्या आतबाहेर जाडीची, म्हणजे मूठ नीट मिटते. जमिनीपासून अडीच ते पावणेतीन फुटांवर, विटेत खोल बसणाऱ्या फास्टनरने बसवलेली. टॉवेल अडकवायची दांडी आधाराची नसते. ती दोन छोट्या स्क्रूंवर असते आणि माणसाच्या वजनाने टाइलसकट हातात येते. भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि उठताना त्रास होत असेल, तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. तिच्या चारही पायांना रबर आहे का ते बघून घ्या.

शहाबादी फरशी जिथे सतत ओली राहते तिथे शेवाळ धरते आणि काचेसारखी होते. ती आठवड्याला ताठ ब्रशने घासून घ्यायची. आणि आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाणी यायचा दिवस हा पडण्याचाही दिवस असतो. अंगण ओलं, पाइप आडवा, नळ जाईल म्हणून घाई, आणि हातात भरलेली घागर. १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलोच्या वर वजन, तेही एकाच बाजूला. त्याऐवजी पिंपाला खाली तोटी बसवून घ्या आणि पाच-पाच लिटरचे दोन डबे दोन हातांत धरून न्या. तोलही राहतो आणि व्यायामही होतो. त्या दिवशी पायात मागून पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल हवी. सैल स्लीपर आणि गुळगुळीत तळाची कातडी चप्पल दोन्ही नकोत.

काठी लागेलच असं नाही, पण घेतलीत तर मापाची घ्या. चप्पल घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे. दुकानातून आणलेली काठी बहुधा लांब असते, मग खांदा वर चढतो आणि तोल आणखी बिघडतो. दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदलायचं, नाहीतर ओल्या फरशीवर तीच घसरवते.

एवढं करूनही कधी पडलात तर? ज्याला जमिनीवरून उठता येतं तो एकटा राहू शकतो, असं मी घरच्यांना सांगतो. म्हणून पडायच्या आधी उठायचा सराव करा, कुणी घरात असताना, सतरंजीवर. पाठीवरून कुशीवर वळा. वरच्या हाताने जमीन दाबत खालच्या कोपरावर या, मग ओणवे व्हा. रांगत पलंगापर्यंत किंवा जड खुर्चीपर्यंत जा. दोन्ही तळवे तिच्यावर ठेवा, जो पाय जास्त मजबूत तो पुढे आणून पाऊल सपाट टेकवा, हातांनी आणि त्या पायाने एकदम जोर लावा, आणि वळून बसा. लगेच उभं राहायचं नाही, दोन मिनिटं बसायचं. खऱ्या पडण्यानंतर मात्र हलायच्या आधी अंग चाचपा. जांघेत असह्य कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर उठायचा प्रयत्न नको, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. यासाठी फोन खिशात किंवा गळ्यात हवा. टेबलावरचा फोन जमिनीवरून हाताला लागत नाही.

जेवणाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण पत्नीच्या मागे एकट्या राहणाऱ्या पुरुषाचं ताट मला ठाऊक आहे. सकाळी चहा-खारी, दुपारी भाकरी आणि शेंगाचटणी, रात्री दूध-पाव. एवढ्यावर स्नायू बांधले जात नाहीत, मग उठबशा करून उपयोग काय? या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. ६० किलो वजन धरलं तर ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून घ्या. हिशेब असा बसतो: सकाळी दोन अंडी १२. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी १०, वाटीभर दाट डाळ किंवा मटकीची उसळ ७, वाटीभर दही ५. चार वाजता पेलाभर दूध ८ आणि मूठभर फुटाणे ६. रात्री एक भाकरी ५ आणि पिठलं ८. झाले ६१. अंडी खात नसाल तर ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत साधारण १५ ग्रॅम मिळतात. शेंगाचटणी चांगलीच, पण दोन चमच्यांत तीन-चार ग्रॅमच. कवळी सैल झाली असेल तर ती आधी बसवून घ्या. कडक भाकरी चावत नाही म्हणून माणूस हळूहळू चहा-बिस्किटावर येतो. तोवर भाकरी डाळीच्या आमटीत कुस्करून खा.

पिठलं, मुगाची खिचडी आणि अंडी, एवढं तरी स्वतःला करता यायला हवं. डबा लावला तरी तो येत नाही असे दिवस असतात. एक मूठ तांदूळ, एक मूठ मूगडाळ, तिप्पट-चौपट पाणी, हळद-मीठ, कुकरच्या तीन शिट्ट्या. तळपायांना मुंग्या येत असतील किंवा ते बधिर वाटत असतील तर बी-१२ तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर. मधुमेह असल्यास एकादशीचा उपास गोळ्या तशाच चालू ठेवून करू नका, आधी विचारा.

तीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेलीत, तर कानही तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस कट्ट्यावर बसणं सोडतो, घराबाहेर पडणं कमी होतं. डोळ्यांचंही तसंच. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते.

मुलाला काय सांगायचं? त्याची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. त्याच्याशी बोलून आठ आठवडे मागा, पण अटी घालून. रोज सकाळी ठरलेल्या वेळी तुमचा फोन जाईल, नाही गेला तर तो शेजाऱ्यांना कळवेल, आणि शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली राहील. ३० सेकंदांचा आकडा दर रविवारी त्याला सांगायचा. कुठे थांबायचं तेही आजच ठरवा. सहा महिन्यांत पुन्हा दोनदा पडलात, एकदाही शुद्ध हरपली, जमिनीवरून उठणं जमेनासं झालं, गॅस चालू राहू लागला किंवा गोळ्या दोनदा घेतल्या जाऊ लागल्या, तर सोबतीला माणूस ठेवायचा किंवा पुण्याला जायचं. तेव्हा हट्ट करायचा नाही.

सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, चष्मा, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. एसटीला तुम्हाला अर्धं तिकीट आहेच, ७५ पूर्ण झाल्यावर तेही लागणार नाही. तेव्हा वैशाखातला कडक उन्हाचा महिना मुलाकडे काढून यायला काय हरकत आहे? मात्र जाताना रात्रदिवा आणि लघवीचं भांडं पिशवीत घ्या. परक्या घरात पहिल्या दोन-तीन रात्री वाट पायाखालची नसते, आणि संडासला जाताना तिथेच अंदाज चुकतो.